बसू नका, मिरच्या आहेत

थोरली दिवसभर दुकानात उभी राहून घरी आली, पर्स दाराशी टाकली आणि सोफ्यावर अंग झोकून देणार तेवढ्यात आतून बाबा ओरडले, "बसू नकोस! मिरच्या आहेत!"

ती अर्धी वाकली होती, तशीच थांबली. सोफ्यावर जुनी चादर अंथरलेली होती आणि तिच्यावर मिरच्या मांडल्या होत्या, एकीला दुसरीचा धक्का लागणार नाही अशा बेतानं. खुर्च्यांवर ताटं होती आणि ताटांत मिरच्या. इस्त्रीच्या टेबलावर वर्तमानपत्र, त्यावरही मिरच्याच. कपडे वाळत घालायच्या स्टँडवर मिरच्यांच्या माळा लोंबत होत्या आणि तिचे धुतलेले कपडे बादलीत पिळ्यांसकट पडून होते.

"मग मी बसू कुठे?"

"स्वयंपाकघरात स्टूल आहे की," बाबा म्हणाले. मग जरा थांबून, "त्याच्यावरचं ताट तेवढं उचल."

थोरलीचं बाजाररस्त्यावर चष्म्याचं दुकान होतं. एका बाजूला औषधवाला, दुसऱ्या बाजूला किल्ल्या बनवणारा. ती लोकांचे डोळे तपासायची, नंबर काढायची, काचा घासून फ्रेममध्ये बसवायची, आणि "मला काही चष्म्याची गरज नाही हो, अक्षरंच हल्ली बारीक छापतात" म्हणणाऱ्यांची समजूत घालायची. त्यासाठी लागणारा सगळा धीर ती दुकानातच खर्चून यायची. घरी आणायला काही शिल्लक उरत नसे.

बाबा तिच्याकडे राहायला आले ते गुडघ्यांमुळे. जन्मभर त्यांनी शिडीवर चढून दुकानांच्या पाट्या रंगवल्या. सगळा बाजार त्यांना पेंटर म्हणूनच ओळखायचा. आई गेल्यावर ते जुन्या घरात एकटे राहत होते, पण तिथले जिने त्यांना झेपेनात, आणि थोरलीच्या इमारतीला लिफ्ट होती. कपड्यांची एक बॅग, ब्रशांचा डबा आणि कुणा मित्रानं दिलेली बियांची पुडी एवढ्यानिशी ते आले. "गॅलरीत दोन कुंड्या लावतो, वेळ जाईल माझा," असं म्हणाले होते. दोनाच्या चार झाल्या, चाराच्या किती झाल्या हे मोजणं थोरलीनं सोडून दिलं. मिरची कसली, ठेंगणी, सुरकुतलेली, दिसायला अगदी गरीब, पण जिभेला लागली की माणूस नळाखाली तोंड धरून उभा. थोरलीच्या नवऱ्यानं तिचं नाव 'फटाकडी' ठेवलं होतं.

नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. मजल्यांच्या मध्ये अडकलेल्या माणसांशी दाराबाहेरून शांतपणे बोलायची त्याला सवय होती, आणि घरातही तो त्याच सुरात बोलायचा.

"थोडे दिवसच आहेत गं," तो स्टुलावरचं ताट उचलत म्हणाला. "वाळल्या की बरण्यांत जातील."

"आणि झाडांना नवीन येतील, त्यांचं काय?"

ताट हातात धरून तो ठेवायला जागा शोधत घरभर फिरत राहिला.

मिरच्या वाळवण्याचं बाबांचं शास्त्र पक्कं होतं, निदान बोलण्यात तरी. तोडायच्या त्या पूर्ण लाल झाल्यावर. धुतल्या तर पुसून कोरड्या करायच्या. देठात सुई घालून ओवायच्या, माळेत हवा खेळली पाहिजे. मिरची वाकवल्यावर कट्कन मोडली की वाळली, नुसती वाकली तर अजून ओल आहे. हे सगळं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचे, दूध टाकणाऱ्यालासुद्धा. पण करताना मात्र दर दोन मिनिटांनी हाक यायची.

"जरा सुईत दोरा ओवून दे गं."

थोरली हातातलं काम टाकून दोरा ओवून द्यायची.

"जरा दुसऱ्या सुईतही देऊन ठेव."

आणि तिनं गॅस बंद करून, हात पुसून दुसऱ्या सुईत दोरा ओवला की, "पहिलीतला निघाला बघ."

एका सकाळी तिला न्हाणीघरात आरशाखालच्या फळीवर मिरच्यांचं ताट सापडलं. तिथं वाफ असते, मिरच्या तिथं वाळणार कशा, हे विचारायलाही तिच्याकडे वेळ नव्हता. तिनं ताट उचलून बाहेर ठेवलं, साबणानं हात धुतले, पुन्हा धुतले, आणि उजव्या डोळ्यात लेन्स घातली.

पुढचा काही वेळ शेजारपाजाऱ्यांनाही कळला. नवऱ्यानं तिचं डोकं नळाखाली धरलं. बाबा दाराशी उभं राहून सांगत होते, "पाण्यानं नाही जात ते! हात तेलानं पुसायचे असतात आधी!"

"हे... आधी... सांगायचं असतं!" नळाखालून थोरली म्हणाली.

त्या दिवशी दुकानात ती लालभडक डोळा घेऊन बसली. एक गृहस्थ आत आले, तिच्याकडे बघितलं, म्हणाले, "तुमच्याच डोळ्याची ही तऱ्हा, तर आमचं काय करणार?" आणि आल्या पावली निघून गेले. थोरलीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. डोळ्याला तर आधीच झोंबल्या होत्या.

संध्याकाळी तिनं धाकट्या बहिणीला फोन लावला. धाकटी दुसऱ्या शहरात राहायची, वडिलांना दर रविवारी फोन करायची आणि सणकून प्रेमळ होती.

"अगं, करू दे ना त्यांना," धाकटी म्हणाली. "काहीतरी करताहेत, हेच किती छान! माझ्या मैत्रिणीचे वडील नुसते टीव्हीसमोर बसतात."

"मग त्यांना इकडे पाठव, आणि आपल्यांना तिकडे घेऊन जा."

"तू ना, फार चिडचिड करतेस हल्ली."

उंटावरून शेळ्या हाकणं सोपं असतं. थोरलीनं फोन ठेवला आणि झोपायला गेली. उशीखाली काहीतरी टोचलं. देठ होता.

मग आभाळ भरून आलं आणि भरूनच राहिलं. ऊन नाही, वारा नाही, हवा नुसती दमट. अर्धवट वाळलेल्या मिरच्या पुन्हा मऊ पडायला लागल्या आणि बाबांचा जीव खालीवर व्हायला लागला. थोरली दुकानात गेलेली, जावई कामावर. बाबांनी ओव्हन लावला. तेही तसं बरोबरच होतं. मंद आच, दार किंचित उघडं, खिडकी सताड उघडी, असा त्यांचा बेत होता.

थोरलीला दुकानात फोन आला तो खालच्या मजल्यावरच्या गाण्याच्या बाईंचा. त्यांच्या बोलण्यात खोकला जास्त आणि शब्द कमी होते. "तुमच्या घरात... अहो, माझ्या मुली... सूर लावायला तोंड उघडलं की..." पुढचं ऐकायला ती थांबलीच नाही. शटर ओढून धावत सुटली.

इमारतीच्या दारात गाण्याच्या बाई आणि त्यांच्या शिष्या डोळे पुसत उभ्या होत्या, जणू कुणी गेलंय. जिन्यात पाऊल टाकलं तेव्हाच तिला ठसका लागला. घरात तर श्वास घ्यायची सोय नव्हती. बाबा गॅलरीत, तोंडाला ओला टॉवेल बांधून, वाकून खोकत होते. तिनं रुमालानं नाक दाबून ओव्हन बंद केला. आत मिरच्यांचा कोळसा झाला होता. बटण सगळ्यात मोठ्या आकड्यावर होतं.

"बाबा! हा ओव्हन केवढ्यावर ठेवलाय!"

"कमीवरच ठेवला होता."

"कमीवर? हे बघा! हे कमी आहे?"

बाबांनी बटणाकडे बघितलं. मग तिच्याकडे बघितलं. "कुणीतरी फिरवलं असेल."

"कुणी? घरात तुमच्याशिवाय आहे कोण? मिरच्यांनी फिरवलं?"

ती फार बोलली त्या दिवशी. घर माझं आहे म्हणाली, मला माझ्या घरात बसायला जागा नाही म्हणाली, लहान पोरासारखं खोटं बोलता म्हणाली. बोलता बोलता खोकत होती, त्यामुळे प्रत्येक वाक्य दोनदा म्हणावं लागत होतं आणि दुसऱ्यांदा ते आणखी वाईट ऐकू येत होतं. बाबांनी एरवी एकाला दोन शब्द ऐकवले असते. त्या दिवशी त्यांनी टॉवेल घडी करून खुर्चीच्या पाठीवर ठेवला आणि आपल्या खोलीत गेले. थोरलीला वाटलं, चला, एकदाचं डोक्यात शिरलं. गाण्याच्या बाईंची माफी मागायला तिलाच खाली जावं लागलं.

त्यानंतर काही दिवस बाबा गुमान राहिले. वाळल्या तेवढ्या मिरच्या त्यांनी बरण्यांत भरल्या, बरण्यांवर कागद चिकटवून ब्रशानं 'मिरची' असं लिहिलं आणि फळीवर रांग लावली. थोरली सुटकेचा श्वास टाकत सोफ्यावर पाय पसरून बसायला लागली.

एका सुट्टीच्या दिवशी स्वयंपाक करताना तिला वाटलं, इतका जीव टाकून केल्यात तर दोन घालू आज. तेवढंच बाबांना बरं वाटेल. तिनं पहिली बरणी काढली, झाकण फिरवलं आणि कुबट वास नाकात शिरला. मिरच्यांवर राखाडी लव आली होती. दुसरी बरणी उघडली, तिच्यात तेच. तिसरीत वरच्या मिरच्या चांगल्या, खाली काचेला पाणी सुटलेलं आणि बुरशीचा थरच्या थर.

ती बरणी घेऊन तशीच बाबांच्या खोलीत गेली.

"हे काय आहे, बाबा?"

"मिरच्या."

"बुरशी आहे! ओल्याच भरल्यात! एवढं महिनाभर घर डोक्यावर घेतलंत, आणि शेवटी सगळं कचऱ्यात! भरताना बघायचं तरी. दिसत नाही का तुम्हाला?"

बाबांनी बरणी हातात घेतली. खिडकीशी गेले, काचेला लावून धरली. मग ती कानाजवळ नेली आणि हलवली.

"खुळखुळतंय की," ते म्हणाले. "बिया सुटल्यात आतून. वाळलीये."

"अहो, ऐकताय काय? बघा ना! ही एवढी पांढरी बुरशी!"

"कुठे?"

ती बोट दाखवायला पुढं झाली आणि बाबांनी मान जराशी तिरकी केली. डोळ्याच्या कोपऱ्यातून, बाजूनं, जणू बरणीच्या पलीकडचं काही बघायचंय अशी. असली तिरकी मान थोरली दुकानात रोज बघत होती. समोरच्या खुर्चीत बसलेला माणूस अशी मान करायला लागला की तक्ता वाचायला सांगण्याआधीच ती मनातल्या मनात निदान करून मोकळी व्हायची.

तिनं बरणीवरच्या कागदाकडे बघितलं. ज्या माणसाची ओळ पट्टी न लावताही कधी केसभर हलली नव्हती, त्याच्या 'मिरची'तली वेलांटी रेघेला चिकटलीच नव्हती. शेजारी हवेत तरंगत होती.

दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. पण तिला आधी वाईट वाटलं नाही, आधी राग आला, आणि तो कुणाचा हेही तिला नीट ठरवता येईना.

"उद्या माझ्याबरोबर दुकानात यायचं," ती म्हणाली.

"कशाला? माझे डोळे चांगले आहेत."

"यायचं म्हणजे यायचं."

दुसऱ्या दिवशी बाबा नीट इस्त्रीचा शर्ट घालून आले. आत तपासणीच्या खुर्चीत बसले, हात मांडीवर. थोरलीनं दिवा मंद केला, एक डोळा झाकायला दिला, समोरचा तक्ता उजळला.

"वाचा."

बाबांनी वरपासून खालपर्यंत सगळा तक्ता धडाधड वाचला. सगळ्यात खालची, मुंगीएवढ्या अक्षरांची ओळ तर पाढा म्हणावा तशी म्हटली. "त, ग, प, म, न, स. झालं? जाऊ आता?"

थोरलीनं तक्त्याकडे बघितलं, मग त्यांच्याकडे.

"काय? चुकलं एखादं?"

"बाबा," ती म्हणाली, "तो तक्ता मी सकाळी बदललाय."

बाहेर किल्लीवाल्याचं यंत्र घासत होतं. दुपारी दुकानात येऊन बसायचे तेव्हा बाबांनी तक्ता पाठ केला असणार. गिऱ्हाईकं वाचायची, हे ऐकायचे.

"कधीपासून?" तिनं विचारलं.

"काय कधीपासून?"

"बाबा."

ते झाकायला दिलेल्या काळ्या चकतीशी खेळत राहिले. मग म्हणाले, "बरेच दिवस झाले. आधी वाटलं वाचायच्या चष्म्याची काच खराब झाली. मग वाटलं तुमच्या घरात उजेड कमी आहे. ओव्हनच्या बटणावर आकडे आहेत हे मला चाचपून कळलं, केवढे आहेत ते नाही कळलं."

"मग सांगायचं ना! मी काय भाजी विकते इथं? दिवसभर हेच करते मी! अख्ख्या बाजाराला मी सांगते, मोतीबिंदू झालाय, जा, ऑपरेशन करून या!"

"म्हणून तर नाही सांगितलं," बाबा म्हणाले. "तू पाठवलं असतंस."

रडावं की ओरडावं हे तिला कळेना. तिनं दिव्याची बारीक तिरीप त्यांच्या डोळ्यात टाकली. बाहुलीत दुधट, पिवळसर ढग दाटला होता, दोन्हीकडे. इतका दाट की दुसऱ्या कुणाचा असता तर तिनं त्याच्या घरच्यांना फैलावर घेतलं असतं, इतके दिवस तुम्ही करत होता काय म्हणून. घरची तर तीच होती.

"तुम्ही घाबरलात का?" तिनं हळू विचारलं.

"नाही," बाबा ताडकन म्हणाले. मग, "थोडा. कुणीतरी डोळ्यात सुरी घालणार म्हटल्यावर नाचू का?"

"पाच-दहा मिनिटांचं काम आहे. समजतही नाही."

"तुझं झालंय?"

"नाही."

"मग गप्प बस."

तरीही ते गेले. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे त्यांना नवराच घेऊन गेला. वाटेत तो त्यांच्याशी अडकलेल्या लिफ्टमधल्या माणसाशी बोलतो तसंच बोलला असणार, कारण बाबा न कुरकुरता टेबलावर आडवे झाले. आधी उजवा डोळा झाला.

आणि तिथून थोरलीचे खरे हाल सुरू झाले. डॉक्टरांनी बजावलं होतं, वाकायचं नाही, जड उचलायचं नाही, धूळ नाही, आणि मिरचीच्या आसपाससुद्धा फिरकायचं नाही. पण मिरच्यांना डॉक्टरांनी काही सांगितलं नव्हतं. झाडं लाल होऊन ओथंबली होती. बाबा काळा गॉगल लावून गॅलरीच्या दाराआड, काचेपलीकडे खुर्ची टाकून बसायचे आणि आतून हुकूम सोडायचे.

"देठासकट तोड! ओढू नकोस, फांदी येईल हातात!"

"ऐकू येतंय, बाबा."

"हातमोजे घातलेस?"

"घातलेत."

"आता त्याच हातानं कपाळ पुसलंस."

तिनं पुसलं होतं. ती नळाकडे धावली.

रोज दुकानातून आली की मिरच्या. तिनं मोठ्या मिरच्या कात्रीनं उभ्या चिरल्या, म्हणजे आतली ओल लवकर निघेल. ओव्हनच्या बटणावर कमी आचेच्या जागी नखाला लागेल असा लाल रंगाचा जाड ठिपका दिला, बाबांच्याच डब्यातल्या रंगाचा. काढल्या की लगेच बरणीत नाही टाकायच्या, आधी पूर्ण निवू द्यायच्या, नाहीतर आत वाफ धरते, हे बाबांनी तिला इतक्या वेळा सांगितलं की झोपेतही ती कुशीवर वळताना "निवू दे" म्हणाली, असं नवरा सांगत होता. बुरशीच्या बरण्या अख्ख्या फेकल्या. वरच्या चांगल्या दिसणाऱ्याही ठेवल्या नाहीत. एकदा दमून तिनं घमेलंभर मिरच्या धुऊन, पुसून सरळ पिशवीत भरून फ्रीजरमध्ये कोंबल्या. बाबांना कळल्यावर त्यांनी दिवसभर तिच्याशी अबोला धरला. तो दिवस तिला बराच सुखाचा गेला.

डोळ्यावरची पट्टी कधीच निघाली होती, पण खरं बघणं हळूहळूच आलं. एका सकाळी थोरली चहा गाळत होती. बाबा मिरची हातात घेऊन खिडकीशी उभे होते. ते एकदा डावा डोळा झाकत, एकदा उजवा.

"इकडे ये," ते म्हणाले.

"चहा निवेल."

"ये गं. ह्या डोळ्यानं बघितलं की ही विटकरी आहे, पिवळट. मळलेल्या वार्निशखाली असावी तशी. आणि ह्या डोळ्यानं..." त्यांना शब्द सापडेना. हजार पाट्यांवर लाल रंग दिलेल्या माणसानं मिरची उजेडात फिरवून पुन्हा बघितली. "इतकी लाल असते ही?"

"असते," थोरली म्हणाली. तिनं चहाचा कप त्यांच्या हाताशी ठेवला आणि उगाचच ओटा पुसला.

हा हळवेपणा दुपारपर्यंत टिकला. संध्याकाळी ती घरी आली तेव्हा फळीवरच्या बरण्या जमिनीवर आल्या होत्या आणि बाबा स्टुलावर बसून एकेक मिरची तपासत होते.

"ही केशरी आहे. हिला लाल व्हायला अजून वेळ होता. कुणी तोडली?"

"तुम्ही."

"आणि ही?"

"तीपण तुम्हीच. माझ्या आहेत त्या बरणीत."

बाबांनी तिची बरणी ओढली, झाकण काढलं, वास घेतला. एक मिरची काढून वाकवली. कट्कन मोडली. त्यांनी तुकडा उजेडात धरला, उजव्या डोळ्यानं निरखला, पुन्हा निरखला. थोरली पर्स खांद्यावर तशीच ठेवून उभी राहिली. आपण परीक्षेच्या निकालाला उभं राहावं तशा का उभ्या आहोत, याचाही तिला राग आला.

"बरी आहे," बाबा म्हणाले.

"बरी?"

"चिरताना कात्री बोथट होती. कडा फाटल्यात." त्यांनी झाकण घट्ट लावलं आणि मान वर केली. तिच्या चेहऱ्याकडे बराच वेळ बघत राहिले. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच नीट बघत होते, हे तिच्या लक्षात आलं.

"किती वाळलीयेस गं तू," ते म्हणाले. "काही खातबित नाहीस का?" आणि मग, तिनं काही बोलायच्या आत, तिच्या खांद्यावरून मागं बघत, "आणि ह्या भिंतीला हा असला रंग कुणी दिलाय? ब्रशाचे फटकारे दिसताहेत इथपर्यंत. डावा डोळा झाला की मी देतो."

"बाबा, शिडीवर चढायचं नाही तुम्ही!"

"स्टुलावर चढतो."

"स्टुलावरही नाही!"

"मग तू चढ," बाबा म्हणाले, "मी खालून सांगतो."